पहिल्या शिफ्टचे पहिले बिल

माझ्या घराच्या पोटमाळ्यावर पुठ्ठ्याची चार खोकी आहेत. भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची जुनी एक्साइज बिले त्यांत आहेत. बहुतेक तिसऱ्या प्रती, म्हणजे कारखान्याने स्वतःजवळ ठेवायच्या. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि एक्साइजची दप्तरे कुणाला नकोशी झाली. ठेवायची मुदत संपली तशी ती रद्दीत निघू लागली. ज्या मालकांशी माझा परिचय होता त्यांच्याकडून मी ती रद्दीच्या भावाने उचलली. घरच्यांनी काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

या बिलांवर एक रकाना असा आहे की ज्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष गेल्याचे मला दिसले नाही. माल कारखान्याच्या बाहेर पडल्याची तारीख आणि वेळ. नुसती तारीख नव्हे, वेळसुद्धा. कायद्यानेच ती लिहावी लागे. १ एप्रिल १९९४पूर्वी गेटपासची पद्धत होती, तेव्हापासून कारखान्याचे स्वतःचे बिल हाच कागद झाला. २००२च्या नव्या नियमांतही वेळेची अट राहिली. त्यामुळे पहिल्या शिफ्टचे पहिले बिल किती वाजता निघाले, हे पंचवीस-तीस वर्षांनी आज सांगता येते. आणि त्या वेळेत संगणक सुरू व्हायला लागलेला वेळ दडलेला असतो. या लेखाचा विषय तोच आहे: बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंतचा काळ, तो कसा वाढत गेला, कुणी वाढवला आणि त्याची किंमत कुणी मोजली.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. १९९२मध्ये भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये डिस्पॅच क्लार्क म्हणून लागलो, पुढे संगणकांच्या देखभालीचे काम करू लागलो, आणि प्रत्येक भेटीची वही ठेवत गेलो. बिले, माझ्या वह्या आणि यंत्रांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी, एवढीच या लेखाची साधने.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्याच दशकात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने या पट्ट्यात स्थिरावले. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यांच्याभोवती जी शेकडो लहान वर्कशॉपे उगवली, त्यांचा फारसा कुणी लिहिला नाही. मोठ्या कारखान्याची असेंब्ली लाइन ठरल्या वेळी सुरू होते, आणि ब्रॅकेट, बुश, पत्र्याचे दाबलेले भाग त्या वेळेआधी तिथे पोहोचावे लागतात. पूर्वी लहान कारखानदार चार-चार दिवसांचा माल एकदम पाठवत. पुढे मोठ्या कारखान्यांनी साठा कमी ठेवण्याचे धोरण घेतले, आणि ते रोजच्या, मग दिवसातून दोन-तीन खेपांवर आले. १९९९मध्ये बजाजचा आणि २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. भोसरीचा टेम्पो मोशीच्या पुढे नाशिक रस्त्याने धावू लागला, आणि सकाळचा अर्धा तास पूर्वी जेवढ्याला पडे त्याच्या कितीतरी पट महाग झाला. बिलाशिवाय टेम्पो फाटकाबाहेर जात नाही. बिल संगणकावर निघते. संगणक सुरू झालेला नसेल, तर टेम्पो उभा.

डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९९२ साली आमच्याकडे जे यंत्र होते ते सुरू व्हायला माझ्या वहीप्रमाणे एक मिनिटाच्या आतबाहेर लागे, आणि त्यातला बराच वेळ मेमरी मोजण्यात जाई. सुरू होताना काय काय चालवायचे हे दोन साध्या फायलींत लिहिलेले असे: कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट. कुणीही उघडून वाचाव्यात, नको ती ओळ खोडावी. फॉक्सप्रोमधला पगारपत्रकाचा प्रोग्राम अडला, की फाइल्सचा आकडा वाढवायचा. मराठीत हजेरीपत्रक हवे असेल तर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवायचे. तेव्हा खरी ओढाताण मेमरीची होती. डॉसला वापरायला ६४० किलोबाइट, त्यातच माउसचा ड्रायव्हर आणि मागे दबा धरून बसणारे छोटे प्रोग्राम. १९९३च्या डॉस ६मध्ये तर सोय अशी होती, की सुरू होताना एफ-५ कळ दाबली तर या दोन्ही फायली वगळून यंत्र सुरू होई. थोडक्यात, आपल्या यंत्रावर सकाळी कोण कोण कामाला येते याचा हजेरीपट मालकाच्या हातात होता.

विंडोज ९५ने तो हजेरीपट अनेक ठिकाणी वाटून टाकला. एक 'स्टार्टअप' नावाचा फोल्डर, तो दिसायचा. पण खरी गर्दी रजिस्ट्री नावाच्या मोठ्या कोठारात, 'रन' या कप्प्यात. शिवाय जुन्या विन डॉट आयएनआय फायलीतल्या दोन ओळी मागच्या दाराने चालूच होत्या. नवा प्रोग्राम बसवला की तो न विचारता तिथे आपले नाव लिहून जाई. १९९८मध्ये विंडोज ९८बरोबर एमएसकॉन्फिग हे साधन आले, आणि या सगळ्या नावांची यादी पहिल्यांदा एका खिडकीत, शेजारी बरोबरच्या खुणेसकट दिसली. खूण काढली, की तो प्रोग्राम दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. खूण परत केली, की येतो. विंडोज २०००मधून हे साधन गायब झाले आणि एक्सपीत परत आले, याचे कारण काही असो, आमच्यासारख्या फिरत्या कारागिरांची दोन वर्षे त्याने गैरसोय केली. नंतर मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचे 'ऑटोरन्स' हाती आले. ते तर एमएसकॉन्फिगला न दिसणारे कोपरेही दाखवी.

हे प्रोग्राम तिथे का येऊन बसतात, हे मालकांना समजावणे मला फार दिवस जमले नाही. प्रत्येकाचे कारण ऐकले तर ते पटण्यासारखे असते. एखादा प्रोग्राम म्हणतो, मी सकाळीच अर्धा उघडून ठेवतो, म्हणजे तुम्ही हाक मारलीत की लगेच येईन. दुसरा रोज नवी आवृत्ती आली का ते पाहतो. तिसरा छपाईयंत्रातली शाई किती उरली ते सांगतो. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर कळ दाबताच लिपी बदलावी म्हणून जागे असते. एकेकट्याने कुणीच फार वेळ घेत नाही.

त्या काळच्या डिस्कची रचना मात्र अशी होती, की एकत्र आल्यावर ते सगळ्यांना अडवत. डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. वाचणारी सुई एकच. हवी ती नोंद ज्या वर्तुळात आहे तिथे सुई न्यायची आणि नोंद फिरून खाली येईपर्यंत थांबायचे. विखुरलेल्या जागांवरचे लहान लहान तुकडे वाचायचे झाले, तर सेकंदाला शंभरच्या आतच जमतात. कारखान्यातला एकच स्टोअरवाला आणि एकच शिडी डोळ्यांपुढे आणा. सात वाजता वीस कारागीर खिडकीशी उभे. कुणाला ड्रिल, कुणाला इन्सर्ट, कुणाला पान्हा. एकाचे काम पुरे करून दुसऱ्याकडे वळला असता तर रांग हलली असती. हा प्रत्येकाला थोडे थोडे देत शिडी इकडून तिकडे सरकवत बसतो. त्यात मेमरी कमी असेल, २००५च्या सुमारास २५६ मेगाबाइट सर्रास असे, तर न मावलेला माल ठेवायलाही तीच डिस्क, तीच शिडी.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

२००६चा फेब्रुवारी. भोसरीतला चाळीसेक माणसांचा कारखाना. नाव लिहिण्याचे कारण नाही. बिले करणारी एक ताई होती. आळंदीकडून पीसीएमटीच्या बसने यायची. पहिली शिफ्ट सातची. पहिले बिल साडेसातच्या मागेपुढे निघे आणि टेम्पो गिऱ्हाइकाच्या फाटकावर उशिरा पोहोचे. दोनदा माल उतरवून घ्यायला नकार मिळाल्यावर मालकांनी ताईला मेमो दिला. तीन लेट मार्कला अर्धा दिवस असा तिथला नियम होता. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये तिची सही सातच्या आतली असूनही 'टेबलावर उशिरा बसते' म्हणून लेट मार्क लागू लागले. मी महिन्याच्या भेटीला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "मशीन ठीक आहे हो, माणूस स्लो आहे. तुम्ही फक्त व्हायरस बघा."

ताई चहाचा कप पुढे सरकवत हळू आवाजात म्हणाली, "दादा, उद्या सकाळी याल का? एकदा बघा फक्त."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला तिथे होतो. तिने ६ वाजून ५३ मिनिटांनी बटण दाबले. ६.५८ला पडद्यावर सगळी चित्रे आली, आणि इथेच मालकांची फसगत होत होती: काचेपलीकडून पाहणाऱ्याला यंत्र सुरू झालेले दिसे. प्रत्यक्षात वाळूचे घड्याळ फिरतच होते. बिलिंगचा प्रोग्राम तिने ६.५९ला उघडला, तो पुढे आला ७.१४ला. बिल छापून हातात पडले तेव्हा ७.२३ झाले होते. एकदा कंटाळून तिने त्याच चित्रावर पुन्हा क्लिक केले आणि तो प्रोग्राम दोनदा उघडू लागला. हे कोण करत नाही?

एका सकाळच्या साक्षीने मालक मानणार नव्हते. एक्सपीच्या नोंदवहीत यंत्र सुरू झाल्याची खूण राहते. ६००५ क्रमांकाची नोंद म्हणजे नोंदवहीची सेवा सुरू झाली, अर्थात यंत्र नुकतेच जागे झाले. सात-आठ आठवड्यांच्या नोंदी शिल्लक होत्या. त्या मी कागदावर उतरवल्या. यंत्राचे घड्याळ माझ्या घड्याळाच्या चार मिनिटे पुढे होते, ती वजा केली. शेजारी फाटकाच्या रजिस्टरची वेळ लिहिली, आणि त्याशेजारी बिलावरची वेळ.

बिलावरच्या वेळेवर सरसकट विश्वास ठेवता येत नाही, हे मी स्वतः क्लार्क असल्यामुळे जाणतो. आम्ही पाच-पाचच्या पटीतच वेळ लिहीत असू, आणि टेम्पो निघायच्या आधीच रकाना भरून ठेवत असू. खोक्यांतल्या बिलांवर ७.३० आणि ७.४५ या वेळा इतक्या दिसतात, की सगळे भोसरी एकाच ठोक्याला दार उघडत होते असे वाटावे. पण इथे तिन्ही साधने एकमेकांना धरून होती. गुरुवारची वीज-सुट्टी वगळता रोज: फाटकावर सही पावणेसात ते सहा पन्नास, यंत्र जागे सात वाजायच्या आत, बिल सात पंचवीसच्या पुढे. मधला अर्धा तास ताईचा नव्हता.

एमएसकॉन्फिगच्या यादीत तेवीस नावे होती. शिवाय अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी यंत्र सुरू होतानाच लावून ठेवलेली, कुणी आणि कधी ते कुणालाच आठवत नव्हते. मी पंधरा खुणा काढल्या. अँटिव्हायरसला हात लावला नाही. त्याची तपासणी फक्त जेवणाच्या सुट्टीत नेली. (या पट्ट्यात पेनड्राइव्हवरून सीएनसीचे प्रोग्राम इकडून तिकडे जात, आणि व्हायरससुद्धा याच 'रन' कप्प्यात नाव लिहून बसत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात 'क्विक हील' उभे केले. त्याची निकड ज्यांनी त्या काळी फ्लॉप्या हाताळल्या त्यांना सांगावी लागत नाही. पहारेकऱ्याने सगळ्यांच्या आधी यावे हे बरोबरच आहे. त्याने सगळ्यांची झडती ऐन सातला घेऊ नये, इतकेच.)

दुसऱ्या दिवशी पहिले बिल ७.०३ला निघाले. ताईने मला फोन करून वेळ सांगितली. मी खूश होतो.

सहाव्या दिवशी सोमवार होता. एका गिऱ्हाइकाला फक्त सोमवारी माल जाई आणि त्याच्या प्रत्येक खोक्यावर बारकोडचे लेबल लागे. लेबल छापणारे छोटे यंत्र ज्या प्रोग्रामवर चाले, तो मी काढलेल्या पंधरांपैकी एक होता. नाव इंग्रजी आद्याक्षरांचे, अर्थ लागत नव्हता, म्हणून मी ते फालतू धरले. लेबले निघाली नाहीत. माल तसाच पाठवला गेला आणि तसाच परत आला. आणि पहिला जाब विचारला गेला तो ताईलाच.

मी दुपारी पोहोचलो, चूक माझी असल्याचे मालकांना सांगितले. त्यांनी त्या महिन्याचे माझे पैसे कापले, ते योग्यच होते. ताई मला एवढेच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी सांगितलं असतं ना, सोमवारी ते लागतं." मी यंत्राला पंधरा प्रश्न विचारले होते, रोज त्यापुढे बसणाऱ्या बाईला एकही विचारला नव्हता.

त्या दिवशीपासून माझ्या वहीत पद्धत बदललेली दिसते. आधी वापरणाऱ्याबरोबर बसून यादी वाचायची. एका वेळी तीनच नावे काढायची. मग कारखान्याचा माल पाठवण्याचा पूर्ण फेरा जाऊ द्यायचा, आठवडा तर आठवडा, महिनाअखेर आली तर तीही. काढलेल्या नावांचा कागद यंत्राच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा, तारखेसकट. असे कागद आजही काही ठिकाणी पिवळे पडून टिकून आहेत, आणि एखाद्या यंत्राचा मृत्यू त्यांच्या आधी झाला आहे.

वहीत फसव्या उपायांचीही मोठी नोंद आहे. एक्सपी सुरू होताना काय काय वाचले जाते याची टिपणे 'प्रीफेच' फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी त्याप्रमाणे आधीच वाचून घेते. तो फोल्डर रिकामा केला की यंत्र वेगवान होते, असे अनेक जण ठामपणे सांगत. होते उलटेच, पुढची सुरुवात आणखी रेंगाळते. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरचा आकडा वाढवून ठेवण्याचा उपायही तसाच. तो आकडा चाचणीसाठी आहे. खूण नसली तरी विंडोज सगळे प्रोसेसर वापरतेच. दसऱ्याच्या साफसफाईत कॉम्प्रेसरची हवा यंत्रात मारायची प्रथा तर इतकी पक्की होती, की नळीतले पाणी आत जाते हे सांगून मी थकलो. खंडेनवमीला त्याच यंत्राला हार घालून हळदकुंकू वाहिले जाई. त्याला माझी हरकत नव्हती, फक्त पंख्याची जाळी सोडून वाहा म्हणत असे.

२०१२च्या विंडोज ८ने ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आणली, आणि प्रत्येक नावापुढे त्याचा भार किती तेही लिहिले: एक सेकंदाहून अधिक प्रोसेसर किंवा तीन मेगाबाइटहून अधिक डिस्क वापरली तर 'हाय'. सहा वर्षांपूर्वी हे असते तर मला मनगटी घड्याळ घेऊन बसावे लागले नसते. त्याच आवृत्तीत जलद सुरुवातीची युक्ती आली. 'शट डाउन' केले तरी यंत्र आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. म्हणून काही बिघडले तर बंद-चालू करून उपयोग होत नाही, 'रीस्टार्ट'च करावे लागते. बुधवारी रात्री बंद केलेले यंत्र शुक्रवारी सकाळी त्याच तक्रारीसह उठते, याचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला.

मग एसएसडी आल्या. सुई गेली, फिरणे गेले, शिडी गेली. माझ्या नंतरच्या वह्यांत सुरू होण्याची वेळ मिनिटांऐवजी सेकंदांत आहे, आणि मालकांना यादी साफ करण्यापेक्षा नवी डिस्क बसवणे सोपे वाटते. यादी मात्र लांबतच गेली आहे. चाकणच्या एका कारखान्यात गेल्या वर्षी मोजली, एकतीस नावे. २०१८पासून ई-वे बिल आले. आता बिल निघाले तरी इंटरनेट जागे होईपर्यंत टेम्पो थांबतो, आणि ते जागे होताच एकतीस जण एकदम त्याच्यावर तुटून पडतात. मोजमापाच्या खोलीत, तपासणी यंत्राला जोडलेला एक जुना एक्सपी अजून आहे. त्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून त्याला कुठल्याही जाळ्याशी न जोडता तसाच ठेवला आहे. त्याच्या यादीत चार नावे. तिथला मुलगा मला म्हणाला, "काका, हा म्हातारा सगळ्यात आधी तयार असतो."

त्या २००६च्या कागदाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तीन रकान्यांचा तो तक्ता मी मालकांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो शांतपणे पाहिला, "बरं," म्हणाले, आणि जूनमध्ये नवा संगणक घेतला. ताईचे लेट मार्क त्यानंतर लागले नाहीत. आधी कापलेले अर्धे दिवस परत मिळाले नाहीत. तिने मागितले होते की नाही, मी विचारले नाही. तो कारखाना पुढे बंद झाला. त्याची बिले माझ्या तिसऱ्या खोक्यात आहेत, आणि २००६च्या गठ्ठ्यात, सात पंचवीस, साडेसात, सात पस्तीस अशा वेळांच्या शेवटी, एका बिलावर तिच्या अक्षरात वेळ लिहिली आहे: ७.०३. पाचच्या पटीत नसलेली त्या गठ्ठ्यातली ती पहिली वेळ.